के.सी. महिंद्रा: खोक्यांतून जीप भारतात आणणारा माणूस, आणि तिच्या गिअरबॉक्सची गोष्ट

धुळ्याहून सुरत हायवेनं निघालं की पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर साक्री येतं. इथून पुढे रस्ता फार वेळ सरळ राहत नाही. नवापूरकडे जायचं तर कोंडाईबारीचा घाट, पिंपळनेरहून ताहाराबादकडे जायचं तर शेलबारीचा घाट, आणि पश्चिमेला डोंगरात विखुरलेले आदिवासी पाडे. पावसाळ्यात नाले भरले की कच्चा रस्ता कुठे संपतो आणि चिखल कुठे सुरू होतो तेच कळत नाही. अशा भागात वर्षानुवर्षं एका गाडीवर लोकांचा भरवसा होता, ती म्हणजे जीप. काळी-पिवळी म्हणून माणसं भरून धावणारी, लग्नाचं वऱ्हाड नेणारी आणि वेळ पडली तर कांद्याच्या गोण्याही वाहणारी.

या जुन्या जीपचं एक वैशिष्ट्य तुमच्या घरातल्या मोठ्यांना नक्की माहीत असेल. तिचा गिअरबॉक्स बिघडला की तो बदलत नाहीत, उघडतात. मिस्त्री गाडीखाली शिरतो, गिअरबॉक्स खाली घेतो, झिजलेले दोन-चार पार्ट बदलतो आणि पुन्हा बांधतो. स्क्रीन फुटली तर नवा फोन घेण्याचा विचार करणाऱ्या आपल्या पिढीला हे थोडं विचित्रच वाटतं.

हे शक्य झालं ते जीपच्या साध्या डिझाइनमुळे. आणि ते डिझाइन भारतात आलं ते एका माणसामुळे, ज्याचं आडनाव आपण रोज बोनेटवर वाचतो पण ज्याच्याबद्दल फारसं कुणाला माहीत नसतं: कैलाश चंद्र महिंद्रा, म्हणजेच के.सी. महिंद्रा. चला, त्यांची गोष्ट आणि त्यांनी आणलेल्या गाडीचा गिअरबॉक्स, दोन्ही समजून घेऊ.

लुधियानाचे दोन भाऊ

के.सी. यांचा जन्म १८९४ चा, पंजाबातल्या लुधियानाचा. घरात नऊ भावंडं. वडील लवकर गेले आणि घराची जबाबदारी मोठा भाऊ जगदीश चंद्र, म्हणजे जे.सी. यांच्यावर आली. जे.सी. यांचा जन्म १८९२ चा, म्हणजे दोघांत अंतर फक्त दोन वर्षांचं. पण त्या काळात मोठा भाऊ म्हणजे वडिलांच्या जागी.

जे.सी. मुंबईत व्हीजेटीआयमध्ये शिकले. तेव्हा ती व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट होती, आज तिचं नाव वीरमाता जिजाबाई टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूट आहे. धाकट्या के.सी. यांना त्यांनी लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजनंतर थेट केंब्रिजला पाठवलं. वडील नसलेल्या, इतक्या भावंडांच्या घरातून एकाला इंग्लंडला पाठवणं म्हणजे काय, हे शिक्षणासाठी कर्ज काढलेल्या कुठल्याही घराला वेगळं सांगायला नको. के.सी. तिथे अभ्यासात चमकलेच, शिवाय हॉकी आणि रोइंगमध्येही पुढे होते.

परत आल्यावर ते मार्टिन आणि कंपनीत रुजू झाले. कोलकात्याचं व्हिक्टोरिया मेमोरियल बांधणारी हीच कंपनी. तिचे भागीदार सर राजेंद्रनाथ मुखर्जी हे त्या काळातले फार मोठे भारतीय उद्योजक. के.सी. यांनी पुढे त्यांचं चरित्रही लिहिलं, ते १९३३ मध्ये प्रसिद्ध झालं. एका मोठ्या उद्योजकाला इतक्या जवळून बघायला मिळणं हेच त्यांचं खरं बिझनेस स्कूल असावं. याच सुमारास जे.सी. टाटा स्टीलमध्ये होते. १९२९ ते १९४० या काळात ते तिथे सीनियर सेल्स मॅनेजर होते.

म्हणजे एका भावाला पोलाद कळत होतं, दुसऱ्याला उद्योग कसा उभा राहतो ते कळत होतं. पुढे जे घडलं त्यात या दोन्ही गोष्टी कामाला आल्या.

युद्ध आणि एक बुटकी गाडी

दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि पोलादाचा तुटवडा पडला. सरकारनं जे.सी. यांना देशाचे पहिले स्टील कंट्रोलर नेमलं. के.सी. यांच्याकडे १९४२ मध्ये अमेरिकेतल्या भारतीय खरेदी मिशनची जबाबदारी आली. युद्धकाळात भारताला लागणारा माल अमेरिकेतून मिळवायचा, हे मिशनचं काम.

अमेरिकेत तेव्हा एका गाडीची चर्चा होती. १९४० मध्ये अमेरिकन सैन्यानं १३५ कंपन्यांना पत्र पाठवून एक हलकी, चारही चाकांना ताकद देणारी गाडी मागितली होती. मुदत इतकी कमी होती की बहुतेकांनी नादच सोडला. बॅंटम या छोट्या कंपनीनं पहिला नमुना दिला, त्यामागोमाग विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड आले. शेवटी विलीजचं डिझाइन पक्कं झालं, कारण तिचं इंजिन सगळ्यांत दमदार होतं. सुमारे २.२ लिटरचं, ६० हॉर्सपॉवरचं. हे इंजिन ज्यानं घडवलं तो विलीजचा इंजिनिअर म्हणजे डेल्मर रूस, ज्याला सगळे बार्नी रूस म्हणायचे. युद्ध संपेपर्यंत विलीज आणि फोर्डनं मिळून अशा सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या.

के.सी. आणि बार्नी रूस यांची अमेरिकेत भेट झाली, असं महिंद्रा कंपनीच्या इतिहासात सांगितलं जातं. तेव्हाच्या भारतात बहुतेक खेड्यांपर्यंत पक्का रस्ताच नव्हता. डांबरी रस्त्यासाठी बनलेली मोटार शहराबाहेर निरुपयोगी ठरायची. रस्त्याशिवाय चालणारी गाडी मात्र अशा देशात रस्ते व्हायच्या आधीच पोहोचू शकते. साक्रीच्या पश्चिमेकडच्या पाड्यांत पुढे हेच घडलं.

कंपनीच्या नावातले मोहम्मद

२ ऑक्टोबर १९४५ ला मुंबईत एक कंपनी सुरू झाली. नाव होतं महिंद्रा अँड मोहम्मद. काम होतं पोलादाच्या व्यापाराचं. दोन महिंद्रा भाऊ आणि तिसरे भागीदार मलिक गुलाम मोहम्मद. गुलाम मोहम्मद हे अलीगढला शिकलेले आणि रेल्वेच्या हिशेब खात्यात काम केलेले, आकड्यांचे पक्के जाणकार.

दोन वर्षांत फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले आणि त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले. पुढे १९५१ मध्ये ते पाकिस्तानचे गव्हर्नर-जनरलही झाले. इकडे कंपनीचा एक खांबच गेला. आणि महिंद्रा भावांचा स्वतःचा पंजाबही दोन तुकड्यांत वाटला गेला. के.सी. ज्या लाहोरमध्ये शिकले, ते शहर आता परदेशात होतं.

१९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. एम अँड एम ही अक्षरं तशीच राहिली, फक्त दुसऱ्या एमचा अर्थ बदलला. आज आपण बोलता बोलता एम अँड एम म्हणून जातो, पण त्या दोन अक्षरांत फाळणीची एक छोटी गोष्ट दडलेली आहे.

दरम्यान अमेरिकेहून परतलेल्या के.सी. यांच्यावर सरकारनं आणखी कामं सोपवली होती. १९४६ मध्ये देशातल्या कोळसा क्षेत्रांचा अभ्यास करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते. मोटार आणि ट्रॅक्टर उद्योग भारतात कसा उभा करायचा, याचा विचार करणाऱ्या सरकारी पॅनलचं कामही त्यांच्याकडे आलं. कोळसा, पोलाद, मोटार या तिन्ही गोष्टी कशा एकमेकांवर अवलंबून आहेत हे एकाच वेळी बघायला मिळालेली माणसं तेव्हा फार थोडी होती.

७५ जीप, सुट्या भागांत

१९४७ मध्ये विलीजकडून ७५ जीपची पहिली खेप आली. या गाड्या चालत बोटीतून उतरल्या नाहीत. त्या सुट्या भागांत आल्या. चॅसिस, इंजिन, गिअरबॉक्स, चाकं, पत्रा, सगळं वेगवेगळं. मुंबईत माझगावच्या कारखान्यात हे भाग जोडून गाडी उभी करायची. याला इंडस्ट्रीत सीकेडी म्हणतात, म्हणजे पूर्ण सुटी करून पाठवलेली गाडी.

आपल्या भाषेत सांगायचं तर हे कॉम्प्युटर असेंबल करण्यासारखं आहे. मदरबोर्ड, रॅम, प्रोसेसर बाहेरून आणायचे आणि इथे जोडायचे. यात एक छुपा फायदा असतो. जो माणूस गाडी पहिल्यांदा जोडतो, त्याला ती उघडायलाही येते. कुठला बोल्ट कुठे जातो, कुठला पार्ट आधी बसतो आणि कुठला नंतर, हे त्याच्या हाताला पाठ होतं.

या डब्यात असतं तरी काय?

आता जरा गिअरबॉक्स उघडू. विलीजच्या सिव्हिलियन जीपमध्ये, म्हणजे सीजे मॉडेल्समध्ये, टी-९० नावाचा तीन गिअरचा गिअरबॉक्स असायचा. त्याच्या मागे चिकटलेला दुसरा डबा म्हणजे ट्रान्सफर केस. मॉडेल नंबर स्पायसर १८.

इंजिन एका ठरावीक वेगातच चांगली ताकद देतं. चढावर चाकाला कमी वेग आणि जास्त जोर हवा, सपाटीवर उलट. लहान गिअरनं मोठा गिअर फिरवला की वेग कमी होतो आणि जोर तेवढ्याच पटीत वाढतो. सायकलच्या गिअरचं तत्त्व तेच.

टी-९० मध्ये पहिल्या गिअरचं प्रमाण साधारण २.८ आहे. ट्रान्सफर केस लो रेंजमध्ये टाकली की आणखी २.४६ पट. मग ॲक्सलमध्ये ५.३८ पट. हे तिन्ही गुणा. उत्तर येतं साधारण ३७. म्हणजे इंजिन ३७ वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा फिरतं. इंजिन मंद गतीवर ८०० आरपीएमनं चालत असेल तर जीप ताशी जेमतेम ३ किलोमीटरनं पुढे सरकते. माणसाच्या चालण्यापेक्षाही हळू. पण चाकावरचा जोर? घर्षणात जाणारा भाग सोडला तर इंजिनच्या जोराच्या ३७ पट. म्हणून ६० हॉर्सपॉवरची गाडी अशा चढावर निवांत जाते जिथे दुप्पट पॉवरची कार धापा टाकते.

डब्याच्या आत मुख्य भाग चार:

- इनपुट शाफ्ट: क्लचकडून येणारी ताकद आत आणतो.
- काउंटर गिअर: खाली बसलेला, एकाच तुकड्यात कोरलेला गिअरांचा संच. इनपुट शाफ्ट त्याला कायम फिरवत असतो.
- मेन शाफ्ट: वरचा शाफ्ट, ज्यावरून ताकद मागे जाते. त्यावरचा जो गिअर जोडला जाईल तो आपला गिअर.
- सिंक्रोनायझर आणि त्याच्या पितळी रिंगा: गिअर जोडण्याआधी दोन भागांचा वेग सारखा करतात. पितळी रिंग गिअरच्या शंकूसारख्या भागावर घासते, ब्रेकसारखं काम करते, वेग जुळला की दात अलगद बसतात.

सिंक्रोनायझर नसता तर? गाड्यांच्या पहिल्या काही दशकांत तसंच होतं. १८९१ मध्ये फ्रान्समध्ये एमिल लेवासोरनं सरकत्या गिअरांचा बॉक्स गाडीत बसवला, पण गिअर टाकताना दातावर दात आपटायचे. १९२८ मध्ये कॅडिलॅकनं सिंक्रोनायझर आणला आणि तो खडखडाट थांबला. टी-९० मध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरला सिंक्रोनायझर आहे, पहिल्याला नाही. म्हणून जुनी जीप चालवणारे काका सांगतात की पहिला गिअर गाडी थांबवूनच टाकायचा. ही त्यांची सवय नाही, मशीनची अट आहे.

जोडणं सोपं, बनवणं अवघड

पुन्हा के.सी. यांच्याकडे येऊ. १९५१ मध्ये जे.सी. गेले. ज्या भावानं शिकवलं, ज्याच्यासोबत कंपनी काढली, तोच राहिला नाही. चार-पाच वर्षांत कंपनीच्या तीन संस्थापकांपैकी के.सी. एकटे उरले.

आणि नेमक्या याच काळात भारतातल्या मोटार धंद्याचे नियम बदलत होते. नव्या सरकारला फक्त जोडणी नको होती. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशननं स्पष्ट भूमिका घेतली: ज्यांच्याकडे गाडी टप्प्याटप्प्यानं इथेच बनवायचा कार्यक्रम आहे, त्यांनीच राहावं. परिणाम मोठा झाला. १९२० च्या दशकापासून मुंबईत गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड, दोघांनीही १९५४ मध्ये भारतातलं काम गुंडाळलं. शिवडीचा जनरल मोटर्सचा कारखाना बंद झाला.

महिंद्रासमोरही तोच प्रश्न होता. जोडणी सोडायची की बनवायला शिकायचं? १९५४ मध्ये कंपनीनं विलीजशी करार करून जीपचं टप्प्याटप्प्यानं उत्पादन सुरू केलं. जगातल्या दोन सगळ्यांत मोठ्या मोटार कंपन्या ज्या वर्षी बाहेर पडल्या, त्याच वर्षी एका पोलाद व्यापारी कंपनीनं गाडी बनवायचं ठरवलं.

हे किती अवघड होतं ते गिअरच्या एका दातावरून समजेल. दाताचा पृष्ठभाग काचेसारखा कडक हवा, नाहीतर तो झिजेल. पण आतला भाग थोडा चिवट हवा, नाहीतर झटका बसला की तुटेल. यासाठी योग्य मिश्रणाचं पोलाद लागतं. ते तापवून ठोकून आकार द्यायचा, मशीनवर दात कापायचे, मग कार्बनयुक्त वातावरणात तासन् तास तापवून फक्त वरचा थर कडक करायचा. या तापवण्यात गिअर केसाएवढा जरी वाकला तरी गाडी चालताना शिट्टीसारखा आवाज करतो. पत्रा बडवून बॉडी बनवता येते, गिअर नाही. त्यासाठी पोलाद कारखाना, फोर्जिंग, भट्टी, अचूक मोजमापाची साधनं आणि शिकलेले कामगार, ही सगळी साखळी देशात असावी लागते.

एकदा ही साखळी उभी राहिली की तिचा फायदा फक्त कंपनीला होत नाही. पार्ट देशात बनू लागले की ते तालुक्याच्या दुकानापर्यंत पोहोचतात. आणि पार्ट दुकानात मिळाला तरच गाव-तालुक्याचा मिस्त्री गिअरबॉक्स उघडायची हिंमत करतो.

आवाजावरून बिघाड कसा ओळखायचा?

सॉफ्टवेअरमध्ये बग शोधताना आपण आधी तो कुठल्या परिस्थितीत येतो ते बघतो. मिस्त्री नेमकं हेच करतो, फक्त त्याचा लॉग म्हणजे आवाज. घरी जुनी जीप असेल तर हे करून बघा:

- क्लच दाबल्यावरच आवाज येतो: दोष बहुतेक क्लचच्या रिलीज बेअरिंगचा. गिअरबॉक्स आतून उघडायची गरज नाही.
- गाडी न्यूट्रलमध्ये, क्लच सोडलेला, तेव्हा आवाज आणि क्लच दाबला की बंद: इनपुट शाफ्टचं बेअरिंग किंवा काउंटर गिअर, कारण न्यूट्रलमध्ये हेच दोन फिरत असतात.
- पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये घरघर, टॉपला शांत: काउंटर गिअरकडे संशय. टॉप गिअरमध्ये ताकद सरळ इनपुटमधून मेन शाफ्टला जाते, काउंटर गिअर फिरतो पण त्याच्यावर भार नसतो.
- दुसरा गिअर टाकताना खरखर: पितळी रिंग झिजली आहे किंवा क्लच पूर्ण सुटत नाही. आधी क्लचचं ॲडजस्टमेंट बघा, ते फुकट आहे.
- उतारावर पाय काढला की दुसरा गिअर सटकतो: रिंग आणि स्लीव्हची झीज, शाफ्टची मागे-पुढे ढिलाई किंवा गिअर जागेवर धरणारी छोटी गोळी-स्प्रिंग कमजोर. घाटात हे दुखणं धोक्याचं आहे, कारण गिअर सुटला की इंजिनचा ब्रेक जातो आणि सगळा भार पायाच्या ब्रेकवर येतो. शेलबारीच्या उतारावर गच्च भरलेली जीप आणि सुटणारा गिअर ही जोडी चालवून घेऊ नका.

खोलताना आणि बांधताना

टी-९० आणि ट्रान्सफर केस सहसा एकत्रच खाली घेतात. आधी दोन्हींचं ऑइल काढायचं, मग फ्लोअरचा पत्रा, प्रोपेलर शाफ्ट, क्लच आणि हँडब्रेकची जोडणी सोडायची, इंजिनला खालून टेकू द्यायचा आणि मग मधला आडवा सपोर्ट काढायचा. हे धूड जड असतं. एकट्यानं उतरवू नका. आणि फक्त जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नका, स्टँड हवेतच.

ऑइल काढलं की लगेच फेकू नका. ते पांढऱ्या ट्रेमध्ये ओता. सोनेरी चमक दिसली तर पितळी रिंगा झिजताहेत. चुंबकाला चिकटणारा बारीक चुरा थोडाफार असतो, पण कपच्या निघाल्या तर दात किंवा बेअरिंग तुटलं आहे. ऑइल दुधासारखं असेल तर पाणी शिरलंय. नदी-नाल्यातून गाडी घातली असेल तर हे हमखास होतं.

आत सगळ्यांत चिकाटीचं काम काउंटर गिअरचं. त्याच्या पोकळीत सुईसारखे बारीक रोलर असतात. शाफ्ट तसाच ओढला तर ते सगळे खाली सांडतात. म्हणून त्याच जाडीचा एक डमी शाफ्ट मागून सरकवत खरा शाफ्ट बाहेर काढतात, म्हणजे रोलर जागेवर राहतात. बांधताना हेच रोलर ग्रीस लावून एकेक चिकटवायचे. एक जरी कमी पडला किंवा खाली राहिला तर सगळी मेहनत वाया.

पितळी रिंग तपासायची सोपी पद्धत आहे. ती गिअरच्या शंकूवर दाबून बसवा. रिंगचे दात आणि गिअरचे दात यांच्यात स्पष्ट फट दिसली पाहिजे. फट संपून दोन्ही टेकले तर रिंग संपली. बाकी नियम सरळ आहे: बॉक्स उघडलाच आहे तर ऑइल सील, गॅस्केट आणि बेअरिंगं नवीन टाका. दोनशे-चारशे रुपये वाचवायला जुनं सील ठेवलं तर तेच काम पुन्हा करावं लागतं.

एक टीप: काढलेला प्रत्येक भाग काढल्याच्या क्रमानं ठेवा आणि प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढा. माझगावच्या कामगारांकडे ड्रॉइंग होतं, तुमच्याकडे कॅमेरा आहे.

बॉक्स उघडावाच लागू नये म्हणून

- ऑइल मॅन्युअलमध्ये दिलंय त्याच ग्रेडचं वापरा. पितळी रिंगा असलेल्या बॉक्सला साधारण जीएल-४ दर्जाचं ऑइल चालतं. ॲक्सलसाठीच्या काही जीएल-५ ऑइलमधली रसायनं पितळ खाऊ शकतात.
- या जीपमध्ये गिअरबॉक्सचं ऑइल मधल्या सीलमधून ट्रान्सफर केसमध्ये जाऊ शकतं. म्हणून लेव्हल दोन्हीकडची बघा. एकीकडे कमी आणि दुसरीकडे जास्त असेल तर ते सील गेलंय.
- पाण्यातून गाडी घातल्यावर ऑइल तपासा. दूध दिसलं तर बदला, उद्यावर ढकलू नका.
- कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर व्हील लावू नका. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, पण या ट्रान्सफर केसमध्ये पुढचा-मागचा शाफ्ट घट्ट जोडलेला असतो. तो फरक मग गिअरांना पिळत राहतो. चिखलात चाक घसरून हा पीळ सुटतो, डांबरावर सुटत नाही.
- लो रेंज गाडी थांबवूनच टाका.
- चालवताना हात गिअरच्या दांड्यावर ठेवून बसू नका. आत शिफ्टरचा काटा सतत घासला जातो.

हे सगळं फक्त जुन्या जीपपुरतं नाही. आजच्या फोर बाय फोर थारमध्ये गिअर जास्त आहेत, सगळे सिंक्रोनायझरवाले आहेत, पण शेजारी दुसरा छोटा दांडा आहेच. त्याखालचं तत्त्व तेच.

के.सी. यांच्यानंतर

के.सी. महिंद्रा १९६३ मध्ये गेले. त्यांच्यानंतर मुलगा केशुब महिंद्रा कंपनीचे चेअरमन झाले आणि २०१२ पर्यंत त्या पदावर राहिले. आज ज्यांना आपण एक्सवर फॉलो करतो ते आनंद महिंद्रा हे जे.सी. यांचे नातू. माझगावात सुरू झालेलं जीपचं काम पुढे कांदिवलीत आणि मग नाशिकमध्ये वाढलं. नाशिकचा कारखाना आला तसं कसमादे आणि खानदेशातल्या आयटीआय-डिप्लोमा झालेल्या मुलांना मुंबईच्या अलीकडेच काम मिळू लागलं.

१९५३ मध्ये, म्हणजे कंपनी मोठा निर्णय घेत होती त्याच सुमारास, के.सी. यांनी एक एज्युकेशन ट्रस्टही सुरू केला. मोठ्या भावानं पाठवलं म्हणून आपण केंब्रिजला जाऊ शकलो, हे ज्याच्या आयुष्यात घडलं, त्यानं शिक्षणासाठी ट्रस्ट काढणं समजण्यासारखं आहे. हा के.सी. महिंद्रा एज्युकेशन ट्रस्ट आजही चालू आहे. परदेशात पदव्युत्तर शिक्षणासाठी तो बिनव्याजी कर्ज-शिष्यवृत्ती देतो, आणि पॉलिटेक्निकमध्ये डिप्लोमा करणाऱ्या गरजू विद्यार्थ्यांसाठीही त्याची शिष्यवृत्ती आहे. मुलींच्या शिक्षणासाठीचा नन्ही कली हा उपक्रमही १९९६ मध्ये याच ट्रस्टमधून सुरू झाला. तुम्ही किंवा तुमचं धाकटं भावंड डिप्लोमाला असाल तर अटी आणि मुदत ट्रस्टच्या अधिकृत वेबसाइटवर जरूर तपासा.

के.सी. यांनी जीपचा शोध लावला नाही, गिअरबॉक्सही डिझाइन केला नाही. दुसऱ्यांनी बनवलेलं एक चांगलं, साधं मशीन त्यांनी आपल्या देशासाठी निवडलं आणि ते नुसतं विकण्यावर न थांबता इथे बनवायची तयारी केली. आजकाल फोनपासून ट्रॅक्टरपर्यंत राइट टू रिपेअरची, म्हणजे आपली वस्तू आपण दुरुस्त करण्याच्या हक्काची चर्चा चालू असते. पार्ट मिळणं, मशीन उघडता येणं आणि ते उघडणारा माणूस जवळ असणं, या तीन गोष्टी असल्या की तो हक्क आपोआप मिळतो. साक्री-पिंपळनेरच्या जीपवाल्यांकडे तो कित्येक वर्षांपासून आहे.

तुमच्या गावात जुनी जीप अजून चालू असेल तर तिच्या मिस्त्रीला एकदा विचारा, तिचा गिअरबॉक्स किती वेळा उघडला. उत्तर कमेंटमध्ये लिहा, आणि शक्य असेल तर उघडलेल्या बॉक्सचा एक फोटोही टाका.